कोटाच्या खिशातलं रिव्हॉल्वर: सातारा-सांगलीतल्या परवानाधारकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या दोन जिल्ह्यांत रिव्हॉल्वर-पिस्तुलाचा परवाना काढणारे लोक बहुतेक ओळखीच्या धंद्यांतले असतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे), सराफ, पेट्रोलपंपवाले, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, आडरानात वस्ती असलेले बागायतदार. साताऱ्याकडे निवृत्त फौजी बरेच. शस्त्र हाताळणी शिकवताना त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ही उत्तरं परवाना असणाऱ्यांसाठी आहेत. विनापरवाना हत्यार बाळगणाऱ्याला शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आहे. त्याला वकील लागेल, हे पान त्याच्या उपयोगाचं नाही.

हत्यार लपवून बाळगायला वेगळा परवाना लागतो का?

नाही. हा प्रश्न यूट्यूबवरून येतो. अमेरिकेत काही राज्यांत झाकून बाळगण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, तो तिकडचा कायदा. आपल्याकडे 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम चालतात. नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल नेताना ते त्यासाठीच केलेल्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या खोळीत), अंगाला बांधलेलं हवं, नाहीतर सॅकसारख्या पिशवीत हवं. दोन्ही प्रकारांत पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा हवा.

म्हणजे झाकून ठेवणं हाच आपल्याकडचा नियम आहे. शर्ट खोचून, मूठ लोकांना दिसेल असा पट्टा बांधून पोवई नाक्यावर चहा पिणारा गृहस्थ रुबाब करत नसतो, नियम मोडत असतो. हातात रिव्हॉल्वर धरून काढलेला व्हॉट्सॲप स्टेटस हा पोलिसांना घरबसल्या मिळालेला पुरावा.

मग कोटाच्या खिशात नुसतं टाकलं तर चालेल का? झाकलेलं तर आहेच.

चालणार नाही. झाकलेलं असणं ही अर्धीच अट झाली. उघड्या खिशात ट्रिगरला कसलंही आवरण नसतं, हत्यार फिरतं, आडवं होतं, कधी उलटं होऊन नळी वर येते. हात घालाल तेव्हा मूठ कुठे सापडेल याचा नेम नाही.

खिशासाठीचं होल्स्टर वेगळं मिळतं. जाड चामड्याचं किंवा कडक प्लास्टिकचं. बाहेरून खरखरीत असतं, म्हणजे हत्यार काढताना ते खिशातच राहतं, सोबत बाहेर येत नाही. घेताना दोन गोष्टी तपासा: ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकली जाते का, आणि बाहेरून अंगठ्याने दाबल्यावर ट्रिगर हलतो का. हलला तर ते होल्स्टर कामाचं नाही, मग चामडं कितीही देखणं असो. आणि नियमातले ‘अंगाला बांधलेलं’ हे शब्द लक्षात ठेवा. कोट अंगावर आहे तोवर खिशातलं होल्स्टर अंगावर आहे असं म्हणता येईल. कोट उतरला की तेही म्हणता येत नाही. माझं मत विचाराल तर कमरेच्या पट्ट्याला होल्स्टर आणि त्यावर कोट, हीच सरळ रीत. खिसा हा नाइलाजाचा पर्याय.

त्याच खिशात मोबाइल, किल्ल्या ठेवल्या तर बिघडतं का?

हो, आणि अपघात होतो तो इथेच. एकदा घरी हत्यार पूर्ण रिकामं करून, नळी भिंतीकडे ठेवून बघा. होल्स्टरशिवाय रिव्हॉल्वर खिशात टाका, सोबत मोटारसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा टाका आणि चार वेळा उठा-बसा. मग खिसा बाहेरून चाचपा. किल्लीचं टोक किंवा जुडग्याची कडी ट्रिगरच्या कडीत शिरलेली सापडते. तेच पेनच्या टोपणाचं, चुन्याच्या डबीचं, जपमाळेचं. भरलेल्या हत्याराबरोबर हे झालं आणि तुम्ही घाईने किल्ली ओढलीत, तर नळी त्या वेळी तुमच्या मांडीकडे असते.

हत्याराचा खिसा फक्त हत्याराचा. सुटी काडतुसंसुद्धा त्यात नकोत. खिशाच्या तळाला तंबाखूची पूड, धाग्यांचा कचरा, बिस्किटाचा चुरा साठतो, तो सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या चकरीच्या, फटीत जाऊन बसतो आणि चकरी अडकते. आठवड्यातून एकदा खिसा उलटा करून झटका.

कोट कसला असावा?

जाड कापडाचा, खोल खिशाचा, आतून मजबूत अस्तर लावलेला. लग्नासाठी शिवलेल्या जोधपुरीचे खिसे बहुधा शोभेचे असतात, नेहरू जाकिटाचे त्याहून उथळ. कानपूरला होणारं .32 बोअरचं ‘प्रबल’ रिव्हॉल्वर काडतुसांशिवाय सुमारे 700 ग्रॅमचं आहे. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, तरी साधारण अर्धा किलोचं. एवढं ओझं एका बाजूला आलं की पातळ कोट लोंबतो, चालताना मांडीवर आपटतो आणि समोरच्याला न सांगता सगळं कळतं. शिंप्याला खिशाला दुहेरी कापड लावायला सांगा. कशासाठी ते सांगायची गरज नाही.

खरी गोष्ट अशी की आपल्याकडे कोटाचे दिवस थोडेच. महाबळेश्वर-पाचगणीला थंडीत ठीक आहे. जतला एप्रिलमध्ये कोट घालून फिरणाऱ्याकडे लोक तसेही वळून बघणार.

कार्यक्रमात कोट काढावा लागला तर?

सगळ्यात जपायची वेळ हीच. चित्र डोळ्यांसमोर आणा. मंगल कार्यालय, मे महिना, पंगत बसलेली. यजमान म्हणतात, “अण्णा, कोट काढून निवांत बसा की.” अण्णा कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवतात आणि हात धुवायला जातात. एका बाजूचा खिसा जड म्हणून कोट तिरपा लोंबतोय. पाच-सहा वर्षांचं पोर येतं. आजोबांच्या खिशात गोळ्या-चॉकलेट असतात हे त्याला पक्कं माहीत. ते हात घालतं.

म्हणून घरातून निघतानाच ठरवा. जिथे कोट काढावा लागेल, चपला काढाव्या लागतील, मांडी घालून बसावं लागेल, तिथे हत्यार न्यायचंच नाही. घरी तिजोरीत ठेवून निघायचं. गेल्यावर कोट काढायची वेळ आलीच, तर काढायचा नाही. उकडलं तर उकडू दे. कोट सोफ्यावर, गाडीच्या मागच्या सीटवर, दवाखान्यातल्या खुंटीला किंवा बायकोच्या हातात द्यायचा नाही. गाडीच्या डिकीत ठेवून जाऊ का, असंही विचारतात. काच फोडायला चोराला एक मिनिट पुरतं, आणि पुढचा जबाब तुम्हाला द्यायचा असतो.

शौचालयाचंही सांगून टाकतो, कारण हे कुणी विचारत नाही. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसताना कोटाचा खिसा पुढे झुकतो आणि हत्यार घसरतं. ढाब्यावर दाराच्या खिळ्याला कोट अडकवून तसाच विसरून निघालेली माणसं आहेत. कोट अंगावरच ठेवा, पुढून आवळून पोटाशी घ्या.

घरी आल्यावरचा क्रमही ठरलेला असावा. आधी आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं. नळी भक्कम भिंतीकडे किंवा जमिनीकडे. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडून सगळी काडतुसं तळहातावर, मोजून. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) बघायचं आणि बोटाने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला की चेंबरमधली गोळी काढताना स्लाइड मॅगझिनमधली दुसरी आत ढकलते आणि माणूस हत्यार रिकामं समजून ट्रिगर दाबतो. मग हत्यार एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्या, दोन्हींना कुलूप, किल्ली स्वतःकडे. हे सगळं होईपर्यंत फोन उचलायचा नाही आणि नातवाला हाक मारायची नाही. कोट खुंटीला जातो तो सगळ्यात शेवटी, रिकाम्या खिशाने.

खिशात असताना हत्यार भरलेलं असावं का?

हत्यार कुठलं त्यावर ठरतं. जुनं रिव्हॉल्वर असेल, वडिलांच्या-आजोबांच्या काळातलं, तर घोड्याखालचं, म्हणजे हॅमरसमोरचं, काडतुसाचं घर रिकामं ठेवा. अनेक जुन्या रचनांमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यात अडसर नसतो, आणि हत्यार घोड्यावर आपटून पडलं तर बार उडू शकतो. नवीन बनावटीत असा अडसर आहे का, ते विकत घेताना दुकानदाराकडून माहितीपुस्तिकेतच दाखवून घ्या, तोंडी नको.

पिस्तुलाच्या बाबतीत खिशात बाळगणाऱ्याला माझं सांगणं एकच: चेंबर रिकामं. सेफ्टीची खिट्टी खिशात घासून घासून आपोआप खाली सरकते. आणि घोडा मागे ओढून ठेवलेलं रिव्हॉल्वर खिशात कधीही नाही. त्या अवस्थेत ट्रिगर फार हलका होतो.

जत्रेत, पालखीत, कॉलेजात नेता येतं का?

परवान्याची छापील अटी असलेली पानं काढून वाचा. बहुतेकांनी ती एकदाही वाचलेली नसतात. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे विशेष परवानगीशिवाय हत्यार नेऊ नये अशी अट त्यात असते. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालची खंडोबाची यात्रा, बावधनचं बगाड, लोणंद-फलटणला मुक्काम करणारी माउलींची पालखी, हे सगळं त्यात आलं. मुलीच्या कॉलेजचं स्नेहसंमेलनसुद्धा.

जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेशही काढतात. सणासुदीला, आंदोलनाच्या दिवसांत ते स्थानिक पेपरात येतात. परवानाधारकाने पेपरातली ती बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी.

वरातीत हवेत एखादा बार?

2019 च्या दुरुस्तीत त्यासाठी खास तरतूद आली. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

मिरजेहून कागवाडला किंवा जतहून विजयपूरला जाताना हत्यार सोबत नेलं तर?

सांगलीकरांचा हा रोजचा प्रश्न, कारण कर्नाटक म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता आणि सोयरीक दोन्हीकडे. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो त्याचा रकाना असतो. तिथे महाराष्ट्र लिहिलेलं असेल तर म्हैसाळ ओलांडून कागवाडला पोचल्यावर तुमचा परवाना लागू नाही. “इथल्या इथे तर गेलो होतो” हे उत्तर अथणीच्या पोलिसांना पटणार नाही. गलाईसाठी तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेशात दुकान असलेल्यांनी क्षेत्रवाढीचा रीतसर अर्ज करावा किंवा हत्यार गावीच ठेवावं.

राहण्याचं ठिकाण बदललं तर तेही कळवावं लागतं. सातारा-सांगलीत परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी, पुणे शहरात पोलीस आयुक्त. मुलाकडे पुण्याला कायमचं राहायला गेलात तर कागदही तिकडे न्या.

नाकाबंदीत पोलिसांनी अडवलं तर काय करायचं?

खिशाकडे हात न्यायचा नाही. परवाना दाखवण्यासाठीही नाही, आणि म्हणूनच परवाना हत्याराच्या खिशात ठेवायचा नाही. आनेवाडी किंवा तासवड्याच्या टोलनाक्याजवळ रात्री तपासणी असेल तर गाडीतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसू द्या आणि आधी तुम्हीच बोला: “साहेब, माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर आहे, कोटाच्या उजव्या खिशात. परवाना समोरच्या कप्प्यात आहे. काय करू सांगा.” मग ते सांगतील तसं आणि तेवढंच. स्वतःहून हत्यार काढून दाखवायला जाऊ नका. अंधारात हात खिशातून पिस्तूल घेऊन बाहेर आला की समोरच्या हवालदाराला परवाना दिसत नाही, पिस्तूल दिसतं.

परवाना मागण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या कलम 19 ने पोलीस अधिकाऱ्याला दिलेला आहे. नाही दाखवलात तर हत्यार जप्त होऊ शकतं. झेरॉक्सवर विसंबू नका.

ड्रायव्हरच्या किंवा पुतण्याच्या खिशात दिलं तर?

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराण्याच्या नाही. कलम 3 मध्ये एवढीच सवलत आहे की दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी, त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. “जरा कोट धर, आलोच” यात बसत नाही.

थोडी घेतलेली असेल तर?

घेणार असाल तर हत्यार घरी. एका पेगलाही हाच नियम.

निवडणुकीत हत्यार जमा करा म्हणून नोटीस आली. सगळ्यांना येते का?

सरसकट सगळ्यांनी जमा करावं असा दंडक नाही. जिल्हा पातळीवरची छाननी समिती परवानाधारकांची यादी बघून ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी निवडणुकीच्या दंगलीत नाव आलेले आधी निवडले जातात. तुम्हाला जोखमीचं कारण असेल, उदाहरणार्थ सराफी पेढी, तर लेखी विनंती करता येते. नोटीस आलीच तर मुदतीत ठाण्यात जमा करा आणि पावतीवर हत्याराचा नंबर व काडतुसांची संख्या लिहून घ्या. निकालानंतर परत आणायला मात्र तुम्हालाच जावं लागतं, घरपोच येत नाही.

पावसाळ्यात गंज चढतो. काय करावं?

पाटण, कोयना, महाबळेश्वरकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाच बुरशी येते, तिथे पोलादाची काय कथा. खिशातल्या हत्याराला वरून पाऊस आणि आतून घाम, दोन्ही लागतात. भिजून आलात तर त्याच रात्री रिकामं करून सुक्या सुती कापडाने पुसा, नळीतून ब्रश फिरवा, तेलाचा अगदी पातळ हात द्या. थबथबतं तेल नको. ते काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर दारू निकामी होते. आणि हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. ओलं चामडं ओल धरून ठेवतं, महिन्याने काढाल तर नळीवर होल्स्टरच्या आकाराचा तांबूस डाग असतो. होल्स्टर वेगळं, हत्यार वेगळं.

साफसफाईनंतर हात साबणाने धुवा, शिशाची पूड असते. मगच भाकरीला हात लावा.

कोट घालून विमानतळावर गेलो आणि खिशात जुनं काडतूस निघालं तर?

तपासणीत एक काडतूस दिसलं तरी पोलीस बोलावले जातात, विमान चुकतं, गुन्हा नोंदला जाऊ शकतो. बाळगणं जाणीवपूर्वक असायला हवं असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे, आणि त्या आधारावर लोक सुटतातही. पण सुटेपर्यंत वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. यावर उपाय एकच, हत्याराचा कोट प्रवासाला वापरायचा नाही. कोल्हापूरच्या उजळाईवाडीला निघा नाहीतर पुण्याच्या लोहगावला, दुसरा कोट घाला. हत्यारच विमानाने न्यायचं असेल तर ते केबिनमध्ये जात नाही. चेक-इनला जाहीर करावं लागतं आणि रिकामं द्यावं लागतं. विमान कंपनीशी आधी बोला.

खरंच कुणी अंगावर आलं तर कायदा काय म्हणतो?

भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा अधिकार आहे. तो धोका असेपर्यंतच टिकतो आणि धोक्याच्या प्रमाणातच वापरायचा असतो. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं आणि गळ्यावर कोयता ठेवलेल्याला रोखणं, या दोन गोष्टी न्यायालयात एकाच तागडीत बसत नाहीत. हत्यार नुसतं काढून धाक दाखवायचा, हा सल्ला सिनेमातला. भांडणात, पार्किंगवरून, बांधावरून, भाऊबंदकीत ते कोटातून बाहेर आलं की तुम्ही फिर्यादीचे आरोपी झालात, आधी शिवी कुणी दिली ते कुणी विचारत नाही. बांधाचा वाद चालू असलेल्याने शेतावर जाताना ते घरीच ठेवावं, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. ऐकणारे थोडे.

हत्यार हरवलं किंवा कोटासकट चोरीला गेलं तर?

ताबडतोब जवळचं पोलीस ठाणं, मग परवाना देणारं कार्यालय. “दोन दिवस शोधून बघतो” म्हणू नका. त्या दोन दिवसांत त्याने काही घडलं तर नंबरावरून पोलीस तुमच्याच दारात येणार. परवान्याची आणि हत्याराच्या नंबराची एक प्रत घरी वेगळी ठेवा.

वडील वारले. त्यांच्या कोटात भरलेलं रिव्हॉल्वर सापडलं. आता?

हात लावू नका, कोट जिथे आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि ठाण्यात फोन करा. हत्यार हाताळायची सवय असलेला माणूस घरात असला तरीही. परवाना वडिलांबरोबर संपला, तो वारसाकडे आपोआप येत नाही, आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे असं हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेराव्यापर्यंत थांबायचं कारण नाही. पावतीवर बनावट, बोअर, नंबर आणि काडतुसं किती, हे सगळं असू द्या. वारसाला स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो: वय 21 पूर्ण हवं, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा, पोलिसांचा अहवाल येईल. इतर वारस असतील तर त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, जमिनीच्या वाटणीचा विषय निघायच्या आत.